‘बदल’ आणि ‘बदलणे’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बदल’ कुठून आला, ‘पालट’ आणि ‘परिवर्तन’ यांत फरक काय, ‘बद्दल’शी त्याचं काही नातं आहे का, असे प्रश्न शिक्षक, मुद्रितशोधक, भाषांतरकार आणि स्पर्धा परीक्षा देणारी मुलं सतत विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘बदल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

दोन अर्थ आहेत आणि रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही वापरतो. ‘आजारपणानंतर तिच्या स्वभावात बदल झाला’ या वाक्यात तीच व्यक्ती आहे, फक्त वेगळी झाली आहे. ‘डॉक्टरांनी औषध बदललं’ या वाक्यात मात्र औषधाला काहीच झालेलं नाही. ते बंद झालं आणि त्याच्या जागी दुसरं आलं. बल्ब बदलणे, शाळा बदलणे, गाडी बदलणे, नोट बदलून घेणे हे सगळे या दुसऱ्या जातीचे प्रयोग.

मूळ अर्थ हा दुसरा: एकाच्या जागी दुसरं. ‘तेच राहून वेगळं होणं’ हा अर्थ त्यातून पुढे वाढला. हे एकदा ध्यानात घेतलं, की बदली, मोबदला, बद्दल या शब्दांचं कोडं आपोआप सुटतं.

२. हा शब्द मूळचा मराठी आहे का?

नाही, तो अरबी आहे. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून बनतात. इथे मूळ आहे ब-द-ल, आणि त्याचा गाभा ‘एकाच्या जागी दुसरं ठेवणं’ असा. त्याच मुळापासून बदल, तब्दील, मुबादला, अब्दाल हे शब्द झाले. अरबीतून ते फारसीत गेले, आणि फारसी ही दख्खनमध्ये दरबाराची, महसुलाची आणि हिशेबाची भाषा झाल्यावर इथे आले. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. त्यानंतर पुढची काही शतकं मराठी कारकून, देशमुख, कुलकर्णी ही भाषा रोज वाचत-लिहीत होते. कागदातला शब्द बोलण्यात उतरायला याहून वेगळं काही लागत नाही.

मराठीने नाम घेतलं आणि त्याला ‘-णे’ लावून क्रियापद करून टाकलं. खर्चणे, नवाजणे, फर्मावणे ही क्रियापदंही बाहेरच्या शब्दांना अशीच मराठी प्रत्यय लावून झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची. त्यात अरबी-फारसी मुळाच्या शब्दांना तशी खूण केलेली असते. शब्दाचं मूळ झटकन तपासायचं असेल तर तो कोश आजही हाताशी असावा.

३. मग त्याआधी मराठी माणूस काय म्हणत होता?

पालटणे. हा शब्द संस्कृत-प्राकृत वाटेने थेट घरात आलेला आहे. संस्कृतात ‘परि’ आणि ‘अस्’, म्हणजे फेकणे, यांपासून ‘पर्यस्त’ होतं: उलथून टाकलेलं, इकडचं तिकडे झालेलं. प्राकृतात त्याचं ‘पल्लट्ट’ झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘पर्यस्’च्या जागी येणारी रूपं म्हणून पलोट्ट, पल्लट्ट आणि पल्हत्थ अशी तीन दिली आहेत. पल्लट्टमधला जोड ‘ल्ल’ सुटा झाला, आधीचा स्वर लांबला, आणि मराठीत ‘पालट’ झाला. हिंदीत तोच ‘पलटना’.

म्हणजे पालटण्यामागचं चित्र उलथण्याचं आहे, बदलण्यामागचं अदलाबदलीचं. हा फरक आजही जाणवतो. त्याची उदाहरणं प्रश्न ९ मध्ये आहेत.

४. ‘बद्दल’ हा ‘बदल’चाच भाऊबंद आहे, हे खरं का? अर्थ तर अगदीच वेगळा आहे!

खरं आहे, आणि अर्थ वाटतो तितका वेगळा नाही. माझ्या मते या सगळ्या कुळातला हा सर्वांत देखणा प्रवास आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘बद्दल’ हे ‘बदल’चंच, ‘द’ दुप्पट झालेलं रूप. सुरुवातीला अर्थ ‘च्या मोबदल्यात, च्या जागी’ असा. जुन्या हिशेबी कागदांत रकमेपुढे ती कशापोटी दिली हे सांगायला तो यायचा: अमुक कामाबद्दल इतके रुपये, म्हणजे त्या कामाच्या बदल्यात. इथून ‘च्या कारणाने’ हा अर्थ एक पाऊलच दूर आहे. कारण ज्याच्या बदल्यात पैसे दिले, तेच पैसे देण्याचं कारण. आणि ‘च्या कारणाने’वरून ‘च्या संदर्भात, विषयी’ हे आणखी एक पाऊल.

या तिन्ही पायऱ्या आजच्या मराठीत जिवंत आहेत:

‘पिकाच्या नुकसानीबद्दल भरपाई मिळाली.’ इथे मोबदला स्पष्ट दिसतो.
‘केलेल्या मदतीबद्दल आभार.’ आभार हे मदतीच्या बदल्यात परत दिलेलं काहीतरी आहे.
‘त्याच्याबद्दल काल बोलणं झालं.’ इथे देवघेव उरली नाही, फक्त विषय उरला.

खात्री करायची असेल तर ‘बद्दल’च्या जागी ‘विषयी’ घालून बघा. तिसऱ्या वाक्यात ‘त्याच्याविषयी’ सहज बसतं. पण ‘मदतीविषयी आभार’ किंवा ‘उशिराविषयी माफी’ कानाला खटकतं. आभार, माफी, शिक्षा, बक्षीस, दंड, अभिनंदन यांच्यासोबत ‘बद्दल’च हवा, कारण या सगळ्यांत काहीतरी घेतल्याचं किंवा केल्याचं काहीतरी परत द्यायचं असतं. ‘विषयी’ला तो हिशेब ठाऊकच नाही.

लिहिताना ‘बद्दल’ आधीच्या शब्दाला जोडून येतो: मदतीबद्दल, तुमच्याबद्दल. तो शब्दयोगी अव्यय असल्यामुळे सुटा लिहू नये.

५. ‘ऐवजी’ तरी आपला आहे ना?

तोही अरबी आहे. मूळ शब्द ‘इवज’, अर्थ मोबदला, एकाच्या जागी दिलेलं दुसरं. म्हणजे ‘च्या जागी’ हे सांगायला मराठीने अरबीतले दोन वेगवेगळे शब्द उचलले आणि दोघांना वेगळी कामं दिली. ‘ऐवजी’ जुन्या अर्थावर घट्ट राहिला: चहाऐवजी कॉफी. ‘बद्दल’ पुढे सरकला.

‘ऐवज’ हे नामही त्याच शब्दाचं. बदल्यात देता येईल असं मोलाचं काहीतरी, म्हणून दागिने, रोकड, मालमत्ता. ‘घरफोडीत दोन लाखांचा ऐवज लंपास’ ही बातमीतली भाषा तिथूनच आली.

पण सावध राहा: ‘दस्तऐवज’मधला ऐवज हा नव्हे. तो शब्द फारसी ‘दस्तावेज’ आहे. दस्त म्हणजे हात, आवेज म्हणजे लटकणारं, आधाराला धरलेलं. हातात धरायचा आधार, म्हणून पुरावा. मराठी कानांना ‘आवेज’ अनोळखी होता आणि ‘ऐवज’ ओळखीचा, त्यामुळे उच्चार ओळखीच्या शब्दाकडे वळला.

६. बदल, बदली, बदला, मोबदला: चारही एकच का?

मूळ एक, कामं चार.

‘बदली’ म्हणजे माणसाच्या जागी माणूस. सरकारी नोकराची बदली होते तेव्हा त्याच्या खुर्चीत दुसरा येतो. महाराष्ट्रात बदल्यांसाठी २००५चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत करायच्या असतात. त्या दोन महिन्यांत सरकारी कचेऱ्यांमध्ये हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो.

या शब्दाचा दुसरा, जास्त कष्टाचा इतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांत आहे. ‘बदली कामगार’ म्हणजे कायम नसलेला माणूस. तो सकाळी गिरणीच्या दारात येऊन उभा राहायचा. कोणी कायम कामगार गैरहजर असला, तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, याला काम मिळायचं, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं बदलीवर काढलेली माणसं गिरणगावात घरोघरी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत हे बदलीवाले होतेच. अरबी मुळाचा गाभा, एकाच्या जागी दुसरा, इतक्या उघड्या अर्थाने दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दात आला असेल असं मला वाटत नाही.

‘बदला’ आज सूड या अर्थाने ऐकू येतो. मराठीचा स्वतःचा शब्द ‘सूड’ आहे आणि तो जास्त धारदारही आहे. पण ‘बदला’चा साधा अर्थ देवघेवच. मुंबईच्या शेअर बाजारात ‘बदला’ हा चक्क व्यवहाराचा प्रकार होता. शेअर घेतले पण पैसे आज भरायचे नाहीत, अशा माणसाने ठरावीक आकार देऊन सौदा पुढच्या पूर्ततेपर्यंत ढकलायचा आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी पैसे पुरवायचे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने १९९३ मध्ये त्यावर बंदी आणली, नंतर बदललेल्या स्वरूपात तो परत आला, आणि जुलै २००१ मध्ये कायमचा बंद झाला.

‘मोबदला’ अरबी ‘मुबादला’वरून आलेला. जमीन संपादनाच्या नोटिशीत, लेखकाच्या करारात तोच असतो.

रूपं चालवताना गल्लत होते, म्हणून: बदल – बदलाचा, बदली – बदलीचा, अनेकवचन बदल्या, बदला – बदल्याचा. ‘याच्या बदल्यात’ हे ‘बदला’चं रूप आहे, ‘बदल्यांचा आदेश’ हे ‘बदली’चं.

७. ‘बदलणे’ सकर्मक की अकर्मक? आणि ‘बदलवणे’ बरोबर आहे का?

दोन्ही आहे. ‘हवा बदलली’ यात कर्म नाही. ‘तिने घर बदललं’ यात आहे. भूतकाळात वाक्याचा कर्ता पाहिला की लगेच कळतं: ‘तो बदलला’ म्हणजे तो स्वतः वेगळा झाला; ‘त्याने रस्ता बदलला’ म्हणजे त्याने रस्त्याच्या जागी दुसरा रस्ता धरला. ‘ने’ आला की काम दुसऱ्या कशावर तरी झालेलं आहे. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, तिथे क्रियापदाचा शेवट पाहावा: ‘मी बदललो’ आणि ‘मी शर्ट बदलला’.

‘बदलणे’ सकर्मक म्हणूनही चालतं, त्यामुळे ‘बदलवणे’ची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही. विदर्भात ते सर्रास बोललं जातं आणि बोलीत त्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्रमाण लेखनात ‘सरकारने धोरण बदललं’ पुरतं. दुसऱ्याकडून काम करवून घ्यायचं असेल तर ‘बदलून घेणे’ आणि दुसऱ्यासाठी करायचं असेल तर ‘बदलून देणे’ आहेच. दुकानदार साडी बदलून देतो, आपण बदलून घेतो.

८. ‘समाज मोठ्या बदलातून जात आहे’ हे वाक्य कसं वाटतं?

इंग्रजीतून आलेलं. भाषांतरकारांचा हा नेहमीचा प्रश्न आहे, कारण इंग्रजीत बदल ‘सोसणं’ किंवा त्यातून ‘जाणं’ सांगायला वेगळी क्रियापदं सर्रास वापरतात. मराठीत ‘बदलणे’ अकर्मकही असल्यामुळे ते काम एकाच शब्दात होतं: ‘समाज झपाट्याने बदलतो आहे.’ नाम हवंच असेल तर ‘समाजात मोठे बदल होत आहेत’ किंवा ‘घडत आहेत’. ‘बदल होणे’ आपोआप, ‘बदल करणे’ कोणीतरी मुद्दाम, ‘बदल घडणे’ हळूहळू किंवा मोठ्या प्रमाणावर. एवढ्या तीन जोड्या नीट वापरल्या तरी नव्वद टक्के वाक्यं सरळ होतात. ‘बदल अनुभवणे’ फक्त माणसाला खरोखर जाणवलं असेल तिथे ठेवा. रस्ता किंवा बाजारपेठ काही अनुभवत नाही.

९. ‘पालटणे’ आता फक्त पुस्तकात राहिलंय का? दोन्हींत फरक काय?

बोलण्यात कमी झालंय, पण जिथे आहे तिथे ‘बदलणे’ त्याची जागा भरू शकत नाही. ‘दिवस बदलले’ म्हणजे काळ वेगळा झाला, चांगला किंवा वाईट. ‘त्यांचे दिवस पालटले’ म्हटलं की गरिबीतून बरे दिवस आले, असंच आपण ऐकतो. नशीब पालटतं, ‘रूप पालटलं’ म्हटलं की सगळंच उलटसुलट झालेलं असतं. पालटण्यात पूर्ण वळण आहे, थोडंथोडकं नाही. कूस पालटणे यात तर मूळची शारीरिक हालचाल जशीच्या तशी आहे.

जोडशब्दांत तो भक्कम उभा आहे. कायापालट. उलटापालट. शेतात ‘पिकांची फेरपालट’: एकाच वावरात दरवर्षी तेच पीक न घेता तृणधान्यानंतर हरभरा-तुरीसारखं कडधान्य घ्यायचं, म्हणजे कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात. ‘खांदेपालट’ हा ओझं वाहणाऱ्यांचा शब्द. पालखी किंवा तिरडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना चाल थांबत नाही, फक्त भार सरकतो. मंत्रिमंडळातल्या फेरबदलाला वर्तमानपत्रं खांदेपालट म्हणतात ते म्हणूनच चपखल आहे.

आणि ‘हवापालट’. आजारातून उठलेल्या माणसाला महाबळेश्वरला, पाचगणीला हवापालटासाठी नेत. ‘हवा’ अरबी, ‘पालट’ प्राकृतातला, आणि जोडशब्द अस्सल मराठी.

१०. ‘परिवर्तन’ म्हणजे मोठा बदल, एवढाच फरक का?

वापरात तसं झालंय. लहानसहान गोष्टीला आपण परिवर्तन म्हणत नाही. समाजपरिवर्तन, हृदयपरिवर्तन, सत्तापरिवर्तन म्हणतो. पण मूळ अर्थ मोठेपणाचा नाही, फिरण्याचा आहे. ‘परि’ म्हणजे भोवती, ‘वृत्’ म्हणजे फिरणे, वळणे. वर्तुळ, आवर्तन, वर्तन, निवृत्ती, प्रवृत्ती ही सगळी त्याच धातूची.

मूळ अर्थ पाहायचा असेल तर पंचांग उघडा. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू झोपतो, कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो. मध्ये भाद्रपद शुद्ध एकादशी येते, तिचं नाव परिवर्तिनी. त्या दिवशी देव झोपेतच कूस बदलतो, अशी श्रद्धा. परिवर्तन म्हणजे कुशीवर वळणं, इतकं साधं.

संस्कृतात ‘परिवर्तन’चा आणखी एक अर्थ आहे, देवघेव. काव्यशास्त्रात ‘परिवृत्ति’ नावाचा अलंकारही आहे. एक देऊन दुसरं घेण्याचं वर्णन केलं की तो होतो. म्हणजे ‘एकाच्या जागी दुसरं’ आणि ‘वेगळं होणं’ या दोन कल्पना अरबीत जशा एकमेकींना चिकटल्या, तशाच संस्कृतातही चिकटल्या होत्या.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी: प्रकाशाचं होतं ते ‘परावर्तन’, परिवर्तन नव्हे. ‘परा’ म्हणजे मागे.

११. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ की ‘परिवर्तन दिन’?

प्रवर्तन. फलकांवर आणि शुभेच्छासंदेशांत ‘परिवर्तन’ वारंवार दिसतं, म्हणून हे आवर्जून लिहितो. ‘प्र’ म्हणजे पुढे. प्रवर्तन म्हणजे चालना देणं, गती देणं. बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला, त्या सूत्राचं पाली नाव ‘धम्मचक्कप्पवत्तन’. धम्माचं चाक फिरवायला सुरुवात केली, असा त्याचा अर्थ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला; तो दिवस याच नावाने पाळला जातो. चाक बदललं असं इथे कोणी म्हणत नाही. ते पुन्हा चालू झालं, हे सांगायचं आहे. एका उपसर्गाने सगळा अर्थ जातो, तेव्हा फलक छापायला देण्याआधी तपासून घ्यावा.

त्या घटनेला ‘धर्मांतर’ही म्हटलं जातं. त्या शब्दाची फोड प्रश्न १३ मध्ये पाहा.

१२. ‘परिणाम’ आणि ‘विकार’ यांचाही मूळ अर्थ बदलच होता, असं वाचलं. खरं का?

हो. ‘परिणाम’ म्हणजे संस्कृतात रूप पालटून दुसरं होणं. दुधाचं दही होतं तो परिणाम. सांख्य तत्त्वज्ञांचा परिणामवाद, म्हणजे कारणच रूप पालटून कार्य होतं हे मत, याच अर्थाने. मराठीत मात्र शब्द सरकून ‘होणारी गोष्ट’ऐवजी ‘झाल्यानंतर दिसणारी गोष्ट’ असा झाला: औषधाचा परिणाम, पावसाचा परिणाम. जुना अर्थ ‘परिणती’ आणि ‘परिणत’ यांत शिल्लक आहे.

‘विकार’ हाही ‘वि’ आणि ‘कृ’ मिळून झालेला, वेगळं होणं किंवा करणं. बोलण्यात तो आजार झाला, हृदयविकार, त्वचाविकार. आणि कीर्तनात काम-क्रोधासारख्या मनोवृत्ती. पण शाळेच्या व्याकरणात तो मूळ अर्थाने जपला गेला आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही ‘विकारी’, कारण लिंग, वचन, विभक्ती, काळ यांप्रमाणे त्यांचं रूप बदलतं. अव्ययं ‘अविकारी’. त्या हिशेबाने ‘बदल’ विकारी आहे आणि त्याच्यापासून झालेला ‘बद्दल’ अविकारी.

या विषयावरचं फार जुनं आणि मला अत्यंत आवडणारं विवेचन यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात आहे. वार्ष्यायणी नावाच्या आचार्यांचं मत म्हणून यास्क अस्तित्वाच्या सहा अवस्था, षड्भावविकार, सांगतो: जायते, अस्ति, विपरिणमते, वर्धते, अपक्षीयते, विनश्यति. जन्मतं, असतं, बदलतं, वाढतं, झिजतं, नष्ट होतं. यातलं ‘विपरिणमते’ म्हणजे काय? तर आपल्या मूळ स्वरूपापासून न ढळणाऱ्या वस्तूचा विकार. मूळ स्वरूपच सुटलं, तर तो बदल नाही, नाश आहे. वाढणं आणि झिजणं हेही बदलच की, मग ते वेगळे का मोजले? कारण ते एका दिशेचे बदल आहेत. ‘विपरिणमते’ला दिशा नाही.

१३. रूपांतर, स्थलांतर, धर्मांतर यांतल्या ‘अंतर’चा अर्थ लांबी का?

नाही. समासाच्या शेवटी येणाऱ्या या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’. रूपांतर म्हणजे दुसरं रूप, स्थलांतर दुसरं स्थळ, भाषांतर दुसरी भाषा, पक्षांतर दुसरा पक्ष, धर्मांतर दुसरा धर्म. क्रिया ‘करणे’ किंवा ‘होणे’ने दाखवायची.

अपवाद ‘मन्वंतर’. मोठी उलथापालथ झाली की ‘मन्वंतर घडलं’ असं लिहिलं जातं. पण पुराणांत तो कालखंड आहे, एका मनूच्या अधिकाराचा काळ. तो संपून दुसरा मनू येतो तेव्हा जग नव्याने सुरू होतं, म्हणून कालखंडाच्या नावालाच बदलाचा अर्थ चिकटला.

१४. ‘हवामान बदल’, ‘हवामानबदल’ की ‘वातावरणीय बदल’?

‘हवामानाचा बदल’ असा विग्रह होतो, म्हणजे हा समास. समास जोडून लिहायचा, तेव्हा ‘हवामानबदल’. वर्तमानपत्रांत सुटं रूप इतकं रुळलंय, की ते चूक ठरवून लाल शाई वापरण्यात मला अर्थ दिसत नाही; एका मजकुरात एकच रूप ठेवा. ‘वातावरणीय बदल’ सुटंच राहणार, कारण ‘वातावरणीय’ विशेषण आहे. राज्य शासनाच्या विभागाचं नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असं आहे. ‘हवापालट’ वेगळा, तो प्रश्न ९ मध्ये आला.

१५. बादल, वादळ, पलटण, बदलापूर: यांचं नातं?

हिंदी ‘बादल’ म्हणजे ढग, त्याचा ‘बदल’शी संबंध नाही. तो संस्कृत ‘वार्दल’, पावसाळी दिवस, यावरून आला. त्याचं मराठी भावंड ‘वादळ’.

‘पलटण’ पालटण्यावरून आलेली नाही. तो युरोपीय लष्करी शब्द आहे. कोणी बटालियनवरून मानतात, कोणी प्लाटूनवरून.

बदलापूरबाबत, इथे घोडे बदलले जात म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. आख्यायिका गोड आहे, पण गावाच्या नावावरून मागाहून रचलेल्या अशा गोष्टी महाराष्ट्रात गावोगावी सापडतात. परीक्षेच्या उत्तरात ती ‘आख्यायिका’ म्हणूनच लिहावी.

१६. अरबी शब्द आहे, तर तो टाळून ‘परिवर्तन’ लिहावं का?

माझं स्पष्ट मत: नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द मिळाले आणि ते उपयोगी ठरले. पण या दोन्हींनंतरही जमीन, वकील, खुर्ची, हवा, बदल हे शब्द लोकांच्या तोंडी टिकले. ‘बदल’ काढायचा तर बदली, मोबदला, बद्दल, अदलाबदल हे सगळं काढावं लागेल, आणि ‘ऐवजी’सुद्धा. शिवाय ‘मी कपडे परिवर्तित करून येतो’ असं कोणी म्हणणार नाही. शब्द निवडताना जात पाहू नये, चित्र पाहावं: जागी दुसरं आलं तर बदललं, पुरतं उलटलं तर पालटलं, समाजाने वळण घेतलं तर परिवर्तन, रूप दुसरं झालं तर रूपांतर.

१७. इतर भाषांत हा शब्द कसा वापरतात?

गुजराती, बंगाली, पंजाबी, कोकणी सगळ्यांत आहे. कोकणीत क्रियापद ‘बदलप’. तुर्कीत ‘बेदेल’ म्हणजे किंमत, बदली मोल. पश्तूनांच्या रीतिरिवाजांत ‘बदल’ म्हणजे केल्याची परतफेड, त्यात सूडही आला. ज्याला स्वतः हजला जाता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेली यात्रा म्हणजे ‘हज-ए-बदल’. सूफी परंपरेत ‘अब्दाल’ हे गुप्त संतांचं मंडळ. त्यातला एक गेला की त्याच्या जागी दुसरा नेमला जातो, म्हणून हे नाव. पानिपतावरच्या अहमदशहा अब्दालीच्या टोळीचं नाव याच शब्दाशी जोडलं जातं, पण काही अभ्यासक ते हेफ्थलाइट हूणांच्या नावावरून आल्याचं मानतात.

दक्षिणेत गंमत आहे. कन्नडमध्ये ‘बदलु’ म्हणजे ऐवजी. तेलुगूत ‘बदुलु’चा अर्थ ऐवजी, उत्तर आणि उसनंही होतो. तमिळमध्ये उच्चार ‘बदिल’, आणि त्याचा रोजचा अर्थ उत्तर: प्रश्न दिला, त्याच्या बदल्यात जे मिळालं ते.